फवारणीच्या तारखांसोबत मित्रकिडींचा हंगामही छापावा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

संत्र्याच्या पानांतला रस शोषणाऱ्या आणि झाड काळे पाडणाऱ्या कोळशी या किडीसाठी मृग, हस्त आणि आंबिया या तिन्ही बहारांच्या (फुलोऱ्याच्या हंगामांच्या) नवतीवर, म्हणजे नव्या पालवीवर, केव्हा फवारावे, हे आपल्या कृषी पानावर नेमाने छापून येते. त्या किडीला खाणारे ढालकिड्यांसारखे मित्र भुंगेरे बागेत केव्हा उतरतात, हे मात्र तिथे कधी वाचायला मिळाले नाही.

युरोपातील पाइनच्या जंगलांत या गोष्टीकडे फार बारकाईने पाहिले गेले आहे. थंडी ओसरली की साल पोखरणारे भुंगेरे अशक्त किंवा तोडलेल्या खोडांवर उतरतात आणि एका विशिष्ट गंधाने आपल्या जातभाईंना बोलावतात. पण तो गंध मुंगीसारख्या दिसणाऱ्या एका लाल-काळ्या शिकारी भुंगेऱ्यालाही कळतो. तो त्याच दिवसांत त्याच खोडावर येऊन त्यांना खातो आणि त्याच्या अळ्या बोगद्यांत शिरून किडीच्या अळ्या फस्त करतात. मागाहून बुरशीवर आणि भुशावर जगणारे इतर भुंगेरे येतात, म्हणजे सालीखाली सापडलेला प्रत्येक भुंगेरा झाडाचा वैरी नसतो. शिकारी भुंगेरे सालीखाली किडीपेक्षा जास्त काळ राहतात. त्यामुळे कीड उडून गेल्यावर कोणी ती खोडे उचलून जाळली, तर जळतात ते बहुतेक हेच. ब्रिटनमध्ये १९८२ साली स्प्रूसच्या झाडांवर अशीच एक परकी कीड आढळली, तेव्हा तिला खाणारा भुंगेरा मुद्दाम वाढवून जंगलात सोडावा लागला होता. आपल्याकडे कोळशीला खाणारा भुंगेरा आयता येतो आणि आपण त्याला मारतो.

कोळशीची अंडी निम्मी फुटली असताना केलेली फवारणी लागू पडते. एकदा पानामागे काळे, टणक कोष झाले की औषध त्यांना फारसे बाधत नाही. दोन वर्षांपूर्वी हस्त बहाराच्या वेळी मजूर कापूस वेचणीत अडकल्याने माझी फवारणी पंधरा दिवस लांबली आणि दुकानदाराच्या सांगण्यावरून मी दोन औषधे एकत्र करून मारली. दुसऱ्या दिवशी कोष जसेच्या तसे होते; झाडांखाली पडले होते ते ढालकिडे आणि क्रायसोपा (जाळीदार पंखांची मित्रकीड). आंबियाची नवती त्या वर्षी काळीच झाली.

प्रादुर्भाव फार असेल तर मित्रकिडी पुरत नाहीत, हे मी जाणतो. मीही फवारणी सोडलेली नाही. परंतु कोणत्या अवस्थेनंतर फवारू नये, हे फवारणीच्या तारखेइतक्याच ठळक अक्षरांत छापावे. सोबत ढालकिड्याच्या अळीचे चित्रही द्यावे, कारण ती काळपट, काटेरी अळी प्रौढ ढालकिड्यासारखी मुळीच दिसत नाही आणि आमच्या गावात तिला कीड समजून चिरडतात.

आपला,
एक संत्रा उत्पादक, वरुड तालुका, जि. अमरावती