कळव्याच्या मटणवाल्या मामांना जाहीर आभाराचं पत्र

ति. मामांस,
सा. न.

पत्र उघडं लिहितोय. कारण ऐरोली आणि डोंबिवलीची पशुवैद्यक शिकणारी मुलं विचारतात, आम्हीही आमच्या खाटकाकडे काय मागायचं? तुमचे आभार मानता मानता त्यांचंही उत्तर होईल.

परळच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात जाणारी आपल्याकडची पहिल्या वर्षाची मुलं रविवारी आमच्याकडे उजळणीला बसतात. ‘नीट’ प्रवेश परीक्षा देऊन आलेली असतात, बारावीचं जीवशास्त्र तोंडपाठ असतं. पण ते हृदय माणसाचं आणि चित्रातलं. फॉर्मॅलिनमध्ये मुरलेल्या अवयवावर आकार शिकता येतो. रंग, लवचिकपणा, कुठली भिंत बोटाखाली दबते आणि कुठली नाही, हे ताज्या अवयवावरच कळतं. आणि ताजा अवयव कसा मिळणार, हे ठरतं तुमच्या सुरीवर.

हृदयापासून सुरुवात करतो. गिऱ्हाइकाला स्वच्छ, गोल हृदय हवं असतं, म्हणून वरच्या नळ्या मुळाशी उडवायची सगळीकडे पद्धत आहे. त्यात महाधमनीची झडपच जाते. तुम्ही आमच्यासाठी 4–5 सेंटिमीटर महाधमनी आणि फुफ्फुसधमनी शिल्लक ठेवता. तेवढ्या नळीत, हृदय उभं धरून, पाणी ओतलं की अर्धचंद्राकृती झडपा मिटतात आणि पाणी वर थांबतं. थोड्या वेळाने पातळी हळूहळू उतरते, तेव्हा दरवर्षी कुणीतरी ‘झडप गळकी आहे’ म्हणतंच. झडप चांगली असते. पाणी झडपेच्या वरच फुटलेल्या हृदयधमन्यांमध्ये शिरत असतं. ते दाखवलं की हृदयाला स्वतःचं रक्त कुठून मिळतं, हे वेगळं शिकवावं लागत नाही.

नळ्या आणखी लांब ठेवून महाधमनीची कमान सलग दिलीत तेव्हा मुलं माणसासारखे तीन फाटे शोधत बसली. बोकडात कमानीतून पुढच्या अंगाकडे एकच मोठं खोड निघतं, मग त्याला फांद्या फुटतात. महाधमनी आणि फुफ्फुसधमनी यांच्यामधली पांढरी चिवट दोरीही अशाच सलग नगात सापडते. पिल्लू पोटात असताना तिथून रक्त वाहत असतं, जन्मानंतर ती वाट बंद होते. नळ्या सुट्या केल्या की पहिली तीच तुटते.

मुलांसाठी कापायची रीतही इथेच सांगतो. आधी दाबून पाहा: मऊ ती उजवी बाजू, टणक ती डावी. डाव्या जवनिकेची (हृदयाच्या खालच्या कप्प्याची) भिंत उजवीच्या साधारण तिप्पट जाड असते. कात्री फुफ्फुसधमनीतून आत घाला आणि दोन जवनिकांमधल्या खोबणीपासून एक सेंटिमीटर अंतर राखत खाली या. टोक आत खोल खुपसू नका. उजव्या जवनिकेत पडद्यापासून बाहेरच्या भिंतीपर्यंत आडवा गेलेला मांसल पट्टा असतो, हृदयाच्या ठोक्याचा संदेश पलीकडच्या भिंतीला पोचवणारे तंतू त्यातून जातात. घाई करणाऱ्याच्या हाती त्याची दोन टोकं येतात, आणि मग तो पट्टा नव्हताच असं वहीत लिहिलं जातं.

फुफ्फुसांबद्दल थोडक्यात. श्वासनळी लांब ठेवल्याबद्दल आभार. रवंथ करणाऱ्या जनावरांत उजव्या बाजूच्या पहिल्या खंडाची शाखा नळी दुभागण्याच्या आधीच फुटते. आखूड नळीत ती जागाच उरत नाही. फुगवायला सायकलचा पंप वापरा, तोंडाने फुंकायचं नाही. जनावराला क्षय वगैरे असेल तर तो हुंगून कळत नाही.

आता पोट. खरे उपकार इथे आहेत, कारण हे काम घाणेरडं आहे आणि धंद्याच्या वेळेत होतं. वजडी विकायची तर ती चिरून, गरम पाण्यात धुऊन, घासून पांढरी करावी लागते. आम्हाला उलट हवी असते: न चिरलेली, न धुतलेली, अन्ननलिका आणि आतड्याचं तोंड सुतळीने बांधलेली, आणि प्लीहा चिकटलेली. प्लीहा रुमेनच्या, म्हणजे पोटाच्या पहिल्या, सगळ्यांत मोठ्या कप्प्याच्या, डाव्या अंगाला वरच्या बाजूस असते. ती जागेवर असली की पिशवी टेबलावर कशीही टाका, डावं-उजवं लगेच कळतं. ती काढून टाकली की अर्धा तास वाद. गरम पाणी लागलं की आतलं आवरण सुटतं आणि मेदाम्लं शोषून घेणारे बारीक उंचवटे त्याच्यासोबत निघून जातात. मग रुमेन आणि पुढचे कप्पे यांतला फरक नुसता सांगावा लागतो.

मे महिन्यात एक काळजी घ्यायची. आतले जंतू जनावर गेल्यावरही काम करत राहतात, बांधलेली पिशवी तासाभरात टम्म फुगते. वरच्या बाजूला, द्रवाच्या पातळीच्या वर, छोटा छेद देऊन वायू सोडावा. खालून दिलात तर पुढचं सांगायला नको.

थर्मासची युक्ती तर तुमचीच म्हणायची. रुमेनमधला रस पाहायचा तो सुमारे 39 अंशांना. थर्मास आधी गरम पाण्याने विसळायचा, रस मलमलच्या चार घड्यांतून गाळायचा आणि काठोकाठ भरायचा, वर हवा राहू द्यायची नाही. काचपट्टीही कोमट हवी. दहाच्या भिंगाखालीसुद्धा आदिजीव (एकपेशीय सूक्ष्मजीव) सैरावैरा धावताना दिसतात. थंड झाले की थांबतात. कत्तलीआधी जनावर उपाशी ठेवलेलं असतं, हे मुलं विसरतात. त्यामुळे पीएच 7 च्या वर दिसतो आणि आदिजीवही कमी असतात. तो आकडा निरोगी, पोटभर खाल्लेल्या शेळीचा म्हणून लिहू नये. तिचा साधारण 6 ते 7 च्या दरम्यान असतो.

रुमेनमधून निघालेले प्लास्टिकचे गोळे तुम्ही धुऊन बाजूला ठेवता. शहरात उकिरड्यावर चरलेल्या शेळीचं व्याख्यान त्यावर संपतं. ते पचतही नाहीत आणि पुढच्या कप्प्याकडे जाणाऱ्या लहान छिद्रातून सरकतही नाहीत. पोट भरलेलं दिसतं, जनावर मात्र वाळत जातं.

एका गोष्टीसाठी सगळ्या कळव्याने तुमचे आभार मानायला हवेत. यकृतावर किंवा फुफ्फुसावर पाण्याने भरलेले फोड दिसले की तुम्ही तो तुकडा गल्लीतल्या कुत्र्यांना टाकत नाही, झाकणाच्या डब्यात ठेवता. त्यात कुत्र्याच्या पट्टकृमीची पिल्लं असू शकतात. कुत्र्याने खाल्लं की त्याच्या आतड्यात कृमी वाढतो, अंडी विष्ठेतून बाहेर येतात, आणि तिथून शेळीत जातात तशी माणसातही जातात. मुलांना आमचं सांगणं एकच: फोड फोडू नका, हातमोजे घाला, पाहून झाला की अर्धा तास उकळून मगच कचऱ्यात द्या. या साखळीची आकृती पहिल्या वर्षात काढायची असते; तुमच्या दुकानात ती रोज तोडली जाते.

पेशींच्या स्लाइडसाठी मागितलेले तुकडे तुम्ही कापल्याबरोबर बाटलीत टाकता, तेही फार मोलाचं. आतड्याचं अस्तर आणि स्वादुपिंड सगळ्यांत आधी सडू लागतात. बाटलीतलं द्रावण म्हणजे बाजारच्या फॉर्मॅलिनचा एक भाग आणि पाणी नऊ भाग. तुकडा 5 मिलिमीटरहून जाड नको, नाहीतर बाहेरून पक्का आणि आतून कुजका निघतो. फ्रीजरमध्ये मात्र काही ठेवू नका. बर्फाचे स्फटिक पेशी फाडतात आणि स्लाइडवर भोकं दिसतात. बर्फावर ठेवलंत तर चालेल, मध्ये प्लास्टिकची पिशवी हवी.

गटारीला तुम्हाला मान वर करायला फुरसत नसते आणि श्रावणात मालच कमी असतो, म्हणून वेळापत्रक तुमच्या सोयीने लावलंय. गटारीच्या आठवड्यात काही मागणार नाही. श्रावणात हाडं आणि स्लाइड घेऊ. गणपतीनंतर नवीन मुलं येतील. तेव्हा नळीसकट फुफ्फुस-हृदयाचे दोन सलग नग आणि एक बांधलेलं पोट लागेल. वजडीचे पैसे तुम्ही घेत नाही, ते यंदा चालणार नाही. धुतलेल्या वजडीचा जो भाव असेल तोच लावा.

आपले,
ठाणे-कळव्यातले पशुवैद्यक आणि रविवारची मुलं