जॉबशीटवर लिहून दिलं होतं: डी ला हात लावू नये

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक सेवा विभाग

तुमच्या कॉल सेंटरशी सातव्यांदा बोलून आत्ताच फोन ठेवला, आणि लिहायला बसलो.

माझ्या लॅपटॉपमध्ये दोन डिस्क आहेत. 256 जीबीच्या एसएसडीवर, म्हणजे सी वर, विंडोज, आणि 1 टीबीच्या हार्डडिस्कवर, म्हणजे डी वर, माझं डीटीपीचं, म्हणजे पुस्तकं टाइप करून पानं लावायचं काम. विंडोज 10 चा सपोर्ट 14 ऑक्टोबर 2025 ला संपला, म्हणून एसएसडी पुसून विंडोज 11 टाकायला मशीन तुमच्या सेंटरला दिलं. जॉबशीटवर तुमच्याच मुलाने माझ्यासमोर लिहिलं, 'फक्त सी. डी ला हात लावू नये.' खाली दोघांच्या सह्या.

इन्स्टॉल करताना दोन्ही डिस्क साइझसकट समोर दिसतात. एकीपुढे 238 जीबी, दुसरीपुढे 931 (विंडोजच्या मोजणीत 256 जीबी आणि 1 टीबी असेच दिसतात). तरी दोन्हींवरची पार्टिशन, म्हणजे डिस्कचे कप्पे, उडवली.

तेवढ्यावर थांबला असतात तरी निभावलं असतं. पार्टिशन उडवलं किंवा क्विक फॉरमॅट मारला की हार्डडिस्कवरची फाइलींची नुसती यादी जाते. वरून दुसरं काही लिहिलं जात नाही तोवर फाइली जागच्या जागी असतात, रिकव्हरीवाला त्या काढू शकतो. म्हणून दुपारी टेक्निशियनचा फोन आला तेव्हा मी अक्षरशः ओरडलो, 'मशीन बंद करा, त्या डिस्कवर काहीही लिहू नका!' 'हो सर' म्हणाला. संध्याकाळी गेलो तर काउंटरवर उत्तर, 'डी ला फुल फॉरमॅट मारलाय, बॅड सेक्टरपण चेक झाले.' विंडोज विस्टापासून फुल फॉरमॅट सगळ्या डिस्कवर शून्यं लिहितो, म्हणजे रिकव्हरीवाल्यालाही काही काढता येत नाही. 1 टीबीला त्यात तासन्‌तास जातात. तेवढ्या वेळात एकालाही जॉबशीट वाचावीशी वाटली नाही?

आणि आजचा फोन. तुमच्या सीनियर बाई मला विचारतात, 'सर, फॉरमॅट केल्यावर डेटा जातो, हे तुम्हाला माहीत नव्हतं का?' मी म्हटलं, डी ला हात लावू नये असं लिहिलंय. 'बॅकअपची जबाबदारी ग्राहकाची असते.' मी पुन्हा तेच म्हटलं. 'पण मशीन आता फास्ट झालंय ना सर?' मग नव्या हार्डडिस्कवर 5 टक्के सूट देऊ केली. मी गप्प झालो, तर त्यांनी फोनला रेटिंग द्यायला सांगितलं.

जूनपर्यंतचा बॅकअप माझ्याकडे आहे. गेलं ते त्यानंतरचं. त्यात एका निवृत्त मास्तरांचं आत्मचरित्र होतं, 212 पानं, तिसरं प्रूफ. 84 वर्षांचे मास्तर रोज दुपारी माझ्या शेजारी खुर्ची टाकून एकेक वेलांटी दुरुस्त करून घेत. त्यांना मी अजून सांगितलेलं नाही.

मागचे तीन लॅपटॉप तुमच्याच कंपनीचे घेतले, चार जणांना घ्यायला लावले. आता कुठल्या तोंडाने सांगू?

15 दिवसांत मला तीन गोष्टी हव्यात. डी ला हात लावू नये असं लिहिलेलं असताना डिस्क पुसली, याची लेखी कबुली. 212 पानांच्या दुरुस्त्या पुन्हा करण्याची मजुरी. आणि दोन डिस्कचं मशीन आलं की जी पुसायची नाही ती आधी काढून बाजूला ठेवायची, असा सगळ्या सेंटरना लेखी आदेश. स्क्रू काढून केबल सोडवायला काही मिनिटं लागतात. नाहीतर मी जिल्हा ग्राहक आयोगात जाणार. जॉबशीटची माझी प्रत जपून ठेवली आहे.

सोबत: जॉबशीटची झेरॉक्स

आपला ग्राहक