नाशिकच्या गोळे कॉलनीतल्या मेडिकलवाल्या काकांना

आदरणीय काका,

सप्रेम नमस्कार.

तुमचं नाव मला आजही माहीत नाही. गोळे कॉलनीत औषधांची दुकानं एकाला एक लागून. त्यात तुमच्याकडे कायम गर्दी, म्हणून मी तुमच्याकडे यायचे. गर्दीत कोणी चेहरा लक्षात ठेवत नाही असं वाटायचं. तुम्ही ठेवलात.

गेल्या पावसाळ्यात मी पुन्हा व्हिटॅमिन डी थ्रीच्या ६०,००० युनिटच्या पुड्या मागितल्या, तेव्हा तुम्ही त्या काढल्याच नाहीत. बिलाच्या पाठीवर लिहिलंत, ‘आठवड्याला १’. त्याखाली, ‘११ दिवसांत ८’. मग शेजारच्या गिऱ्हाइकाला ऐकू जाणार नाही इतक्या हळू विचारलंत, “ताई, हे कोण घेतंय?” मी म्हणाले, घरात सगळेच. तुम्ही माझ्या हातांकडे पाहिलंत. दिवसातून चाळीस-पन्नास वेळा साबण लावून पेरांवर भेगा पडल्या होत्या. सुटे पैसे मी हातात घेत नसे. पर्स उघडी धरायचे, तुम्ही वरून टाकायचात.

मला ओसीडी आहे, काका. आपल्याकडे मंत्रचळ म्हणतात ते. तेव्हा मला ते मान्य नव्हतं. अंगात काहीतरी कमी आहे म्हणून डोकं असं चालतं, अशी माझी समजूत. शिवाय मनाची गोळी म्हटलं की घरात कुजबुज सुरू होते, व्हिटॅमिनला कोणी काही विचारत नाही. १९९६च्या एका अभ्यासात रोज १८ ग्रॅम इनोसिटॉल (व्हिटॅमिनसारखंच एक द्रव्य) घेऊन ओसीडीच्या पेशंटना फरक पडला, हे वाचून मी त्याचीही पावडर मागवली होती. त्यात पेशंट होते फक्त १३ आणि औषध दिलं होतं ६ आठवडे, तेवढं मी नजरेआड केलं.

जास्तीच्या डीने रक्तातलं कॅल्शियम वाढतं, मळमळ होते, किडनीवर ताण येतो, हे तुम्ही समजावलंत आणि रक्त तपासून डॉक्टरांकडे जाईपर्यंत एकही पुडी देणार नाही म्हणालात. मला राग आला होता. रिपोर्टमध्ये कॅल्शियम खरंच वर होतं.

बी ट्वेल्व्ह मात्र कमी निघालं. आम्ही शाकाहारी, दूधही मला फारसं चालत नाही. इंजेक्शनं घेतली, पायांच्या मुंग्या गेल्या, जिना चढताना लागणारी धाप गेली. हात धुणं होतं तसंच राहिलं. माझी समजूत मोडली ती तिथे. मग मनोविकारतज्ज्ञांनी सर्ट्रालिन सुरू केलं, गुण यायला ८ ते १२ आठवडे लागतील हे आधीच सांगितलं, आणि जोडीला ईआरपी: ज्याची भीती वाटते त्याला हात लावायचा आणि धुवायचं नाही. किळस चढते, मग थांबून राहिलं की आपोआप उतरते. पहिल्यांदा मी रडले होते.

घरच्यांसारखंच तुम्हालाही मी सांगून ठेवलं होतं, की मी “काही होणार नाही ना?” विचारलं तर उत्तर द्यायचं नाही, धीर दिला की चळ वाढतो. दहाव्या आठवड्यात मी तुमच्या काउंटरवर पर्स न उघडता हात पुढे केला. तुम्ही स्ट्रिप कापायची कात्री बाजूला ठेवलीत आणि पाचाचं नाणं माझ्या तळहातावर ठेवलंत. ओलसर, कोमट होतं. “काका, काही होणार नाही ना?” तोंडातून गेलंच. तुम्ही माझ्याकडे बघत नुसते उभे राहिलात. मागे पाच-सहा माणसं खोळंबली होती.

त्या उभं राहण्याबद्दल तुमचे मनापासून आभार, काका. पुड्या विकून तुम्ही मोकळे होऊ शकला असतात.

नाणं मुठीत धरून मी अशोक स्तंभ, रविवार कारंजा करत गोदाकाठापर्यंत चालत गेले. हात धुतले नाहीत. येताना त्याच पैशांची कोथिंबीर घेतली.

तुमची,
पंचवटीची ताई