खांब मोजले, राबणारी माणसे वगळली

मा. संपादक,
स. न. वि. वि.

रविवारच्या पुरवणीतला अमेरिकेतल्या लुइझियाना राज्यातील ‘ओक ॲली’ या मळेवाल्याच्या वाड्यावरचा लेख वाचला. २८ खांब आले, समोरची ओकची २८ झाडे आली, चारी बाजूंचे रुंद सज्जे आले. १८३७ ते १८३९ या काळात तो ज्यांनी बांधला त्या गुलामांबद्दल मात्र अवाक्षर नाही. याचा मला फार राग आला.

मी तो वाडा पाहिला आहे. लेक ह्यूस्टनला असते, तिनेच नेले होते. जेवणघरात टेबलावर छताला मोठा लाकडी पंखा टांगलेला आहे. घरची मंडळी जेवत असत तेव्हा गुलामाचे पोर कोपऱ्यात उभे राहून त्याची दोरी ओढत असे. बाकीचे फोटो काढून पुढच्या खोलीत गेले; माझा पाय तिथून निघेना.

शिवाय आम्ही ऊसवाले. तोडलेला ऊस पडून राहिला की साखरेचा उतारा घटतो, हे आमच्याकडे शाळकरी पोरालाही ठाऊक असते. तिथे त्यात कडाक्याच्या थंडीने ऊस गोठण्याची धास्ती. म्हणून गळिताच्या हंगामात गुलामांना रात्रंदिवस पाळ्या लावून राबवत. मध्यरात्रीसुद्धा उकळत्या रसाच्या काहिलींपाशी माणसे उभी असत. त्या साखरेच्या पैशावर हे खांब उभे राहिले, आणि लेखात उसाचे नावही नाही! तिथला आंत्वान हा गुलाम माळी कलमे बांधण्यात तरबेज होता. १८४० च्या दशकात त्याने बांधलेल्या पेकानच्या (अक्रोडासारख्या फळाचे झाड) कलमांतून पुढे ‘सेंटेनियल’ हे नावाजलेले वाण आले. १८४८ साली मालकाच्या मृत्यूनंतर मालमत्तेची यादी झाली, तीत हा आंत्वानही आहे. किंमत १००० डॉलर. वाड्याचा इतिहास सांगताना हे गाळायचे, तर उरले काय?

आणखी एक. लेखासोबतचे मोठे छायाचित्र ओक ॲलीचे नाहीच. ते नॉटोवे या दुसऱ्या वाड्याचे आहे, आणि १८५९ मध्ये पूर्ण झालेला तो वाडा १५ मे २०२५ रोजी आगीत जळून गेला. छायाचित्राखाली मात्र ‘येथे मुक्कामाची सोय आहे’ असे छापले आहे. लेकीकडे अमेरिकेला जाणारे आमच्यासारखे पुष्कळ वाचक हे वाचून बेत आखतात. दुरुस्ती येत्या रविवारी त्याच पानावर छापावी, ही विनंती.

एक ऊस उत्पादक वाचक, जि. सांगली