टायटन पेटणार नाही

रविवारच्या पुरवणीतील शनीच्या उपग्रहांवरील लेखात, टायटनवर ठिणगी पडली तर सगळा उपग्रह पेट घेईल, असे म्हटले आहे. ते पटत नाही. तिथे मिथेनची तळी आहेत, पाऊसही मिथेनचाच पडतो, हे खरे. पण नुसत्या इंधनाने आग लागत नाही. टायटनच्या हवेत सुमारे ९५ टक्के नायट्रोजन आहे, उरलेला बहुतेक मिथेन. मोकळा ऑक्सिजन जवळजवळ नाहीच. जो आहे तो मुख्यतः पाण्याच्या बर्फात अडकलेला, आणि उणे १७९ अंश सेल्सिअसला हे बर्फ दगडासारखे टणक असते. १४ जानेवारी २००५ रोजी तिथे उतरलेल्या हायगेन्स यानाने टिपलेले गुळगुळीत गोटे बहुधा याच बर्फाचे. टायटनवर काडी ओढायचीच, तर ऑक्सिजन सोबत न्यावा लागेल!

– एक वाचक