बरे झालेल्या मुलांची बोटेही तपासा

महोदय,

खारघरला टाटा मेमोरियलचे ॲक्ट्रेक हे कॅन्सर उपचार आणि संशोधन केंद्र आहे, त्यामुळे कॅन्सरचे उपचार घेणारी लहान मुले आम्हा नवी मुंबईकरांच्या नेहमी पाहण्यात येतात. त्यांच्याबद्दल सर्वांनाच कळवळा असतो. पण तेच मूल बरे होऊन वर्गात बसले की ‘अक्षर गचाळ’, ‘काम अपूर्ण’, ‘आळस’ असे शेरे सुरू होतात. प्राथमिक शिक्षिका म्हणून ते मी वाचले आहेत.

मुलांमध्ये सर्वाधिक आढळतो तो रक्ताचा कॅन्सर. त्यातला एएलएल (अक्यूट लिम्फोब्लास्टिक ल्युकेमिया) हा प्रकार बहुधा २ ते ५ या वयात होतो आणि उपचार दोन-तीन वर्षे चालतात. बाकीची मुले पेन्सिल धरायला, कात्री चालवायला, लंगडी घालायला शिकतात ती नेमकी हीच वर्षे. त्यात उपचारातले व्हिन्क्रिस्टीन हे औषध हातापायांच्या नसांवर परिणाम करते. बोटांतला जोर जातो, चालताना पाऊल पुढून उचलले जात नाही. औषध थांबल्यावर बऱ्याच जणांचा त्रास कमी होतो, काहींचा मात्र राहतो. पाठीतल्या इंजेक्शनमधून दिलेल्या मेथोट्रेक्सेट या औषधाने किंवा डोक्याच्या रेडिएशनने लक्ष आणि विचाराचा वेगही मंदावू शकतो. गणित येत असते, पण ते वहीत उतरेपर्यंत फळा पुसलेला असतो. याला आळस कसे म्हणायचे?

लेखनिक आणि जादा वेळ यांची आठवण पालकांना, शाळेला होते ती थेट दहावीत. तेव्हाही ४० टक्के अपंगत्वाच्या दाखल्यावर गाडी अडते. वास्तविक लेखनिकासाठी ती अट लावता येणार नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्येच विकास कुमार खटल्यात सांगितले आहे. आणि दुसरी-तिसरीत दाखला हवा कशाला? छापील नोंदी द्याव्यात, दहाऐवजी चारच उदाहरणे लिहून घ्यावीत, उरलेली तोंडी विचारावीत. यासाठी कुणाची परवानगी लागत नाही.

महापालिकेच्या शिक्षण विभागाने एवढे करावे: असे मूल शाळेत परतताना ऑक्युपेशनल थेरपिस्टकडून (रोजची कामे जमावीत म्हणून सराव करून घेणारे तज्ज्ञ) त्याचे हात, तोल आणि लिहिण्याचा वेग तपासून घ्यावा आणि तो कागद वर्गशिक्षकांपर्यंत पोहोचवावा. पी.टी.च्या तासाला त्याला दप्तरे राखायला बसवणेही थांबावे. स्टेरॉइडमुळे काहींची हाडे कमकुवत झालेली असतात, तेव्हा काय खेळू द्यायचे हे आधी डॉक्टरांना विचारावे.

– एक प्राथमिक शिक्षिका, नेरूळ