तरवडाचे बी देणाऱ्या आजींस

ती. आजींस,
सा. न. वि. वि.

हे पत्र तुमचा नातू तुम्हाला वाचून दाखवील, म्हणून एक कबुली त्याच्यादेखतच देतो. चार वर्षांपूर्वी शेळ्या घेऊन जाताना तुम्ही कुंपणाला तरवड लावण्यास सुचवले, तेव्हा माळावर फुकट उगवणारे झुडूप दारात कशाला, असे मी मनात म्हटले होते.

सोलापूरच्या हद्दीबाहेरचा आमचा प्लॉट म्हणजे फूटभर खाली नुसता मुरूम. वर्षाचा पाऊस सुमारे ५५० मिलिमीटर, तोही लहरी, आणि उन्हाळ्यात पारा ४२ अंशांच्या वर. अशा जागी हौसेने आणलेली जास्वंद आणि गुलाब टँकरच्या पाण्यावर जगवण्यात मी दोन उन्हाळे घालवले. दोन्ही गेली. त्यानंतर तुमचे बोलणे आठवून मी माळावरून तरवडाची दोन रोपे उपटून आणली, तर त्यांची सोटमुळे अर्ध्यात तुटली आणि चार दिवसांत ती वाळून काटकी झाली.

ती पाहून तुम्ही हसलात, ओच्यातून चपट्या, कागदासारख्या वाळलेल्या शेंगा काढल्यात आणि बी कठीण असते, ते तसेच पेरले तर मातीत पडून राहते, हे समजावून सांगितलेत. कढत पाणी ओतून बी रात्रभर त्यातच ठेवायचे. सकाळी जे फुगले असेल ते घ्यायचे, तळाशी खड्यासारखे राहिलेले पुन्हा भिजवायचे. पिशवीत रोप करायचे नाही, झाड जिथे वाढवायचे तिथेच पहिल्या चांगल्या पावसानंतर दोन-दोन बिया टोकायच्या. त्याप्रमाणे चार-चार फुटांवर टोकलेल्या बियांपैकी ११ झाडे आज छातीएवढी झाली आहेत.

मधल्या काळात मी केलेल्या चुकाही तुम्हीच निस्तरल्यात. रोज पाणी घालून पाने पिवळी पाडली, तेव्हा तुम्ही बादली हातातून काढून घेतलीत. पहिल्या उन्हाळ्यात पंधरवड्याला एक तांब्या आणि पुढे काहीच नाही, हा तुमचा हिशेब मी पाळला. दुसऱ्या पावसाळ्यात हिरव्या अळ्यांनी पाने चाळणीसारखी केली आणि मी फवारणीचा पंप घेऊन निघालो होतो. ‘थांबा, पाखरं होतील,’ एवढेच तुम्ही म्हणालात. झालीही, फिकट पिवळसर पांढरी. पाने पुन्हा फुटली ती वेगळीच. (पंप अजून अडगळीत आहे.)

त्या भाद्रपदात झुडपे पिवळीजर्द झाली. जवळून पाहिले, तर पाच पाकळ्यांच्या मधोमध लहानमोठे दहा पुंकेसर, त्यांतले वरचे तीन अगदी खुरटे. काळा भुंगा फुलाला मिठी मारतो, पंख न उघडता नुसता गुणगुणतो आणि त्या थरथरीने परागकोशांच्या टोकाशी असलेल्या छिद्रांतून पराग त्याच्या पोटावर उडतो. सकाळचा चहा मी आता तिथेच उभा राहून घेतो.

नवरात्रात आमच्या घटाला या फुलांची माळ चढली. त्याच्या काही दिवस आधी पलीकडच्या गल्लीतल्या तेलुगू बोलणाऱ्या पद्मशाली समाजाच्या काकू बतुकम्मा या त्यांच्या फुलांच्या सणासाठी परडी घेऊन आल्या. त्यांच्या भाषेत हे तंगेडु. तेलंगणाने त्याला राज्यफुलाचा मान दिला आहे आणि बतुकम्माच्या फुलांच्या उतरंडीत त्याच्यावाचून चालत नाही. तीन वर्षे शेजारी राहून ज्यांच्याशी ‘काय, बरं आहे ना’ यापलीकडे बोलणे झाले नव्हते, त्या काकू त्या दिवशी तासभर आमच्या ओट्यावर बसल्या होत्या.

तुमच्या शेळ्या रोज कुंपणाशी येतात, हुंगतात आणि तोंड न लावता पुढे जातात. लावायला हे झुडूप का सुचवलेत, ते तेव्हा कळले. त्यासाठी आणि बाकी सगळ्यासाठी मी तुमचा मनापासून ऋणी आहे.

तुमच्या लेकाला बांधावर लावायला बी हवे होते ना? यंदाच्या शेंगा पुरत्या वाळल्यावरच तोडल्या आहेत आणि बी सोलून कागदाच्या पुडीत ठेवले आहे. नातवाला पाठवा.

आपला नम्र,
कोपऱ्यावरच्या घरातला